बालरोगतज्ज्ञांनी मला काढून टाकलं

अठराव्या वर्षी मला लहान मुलांच्या डॉक्टरांनी काढून टाकलं. सहाव्या वर्षी माझे सांधे सुजायला लागले, तेव्हापासून मी त्यांच्याकडे जात होते. भिंतीवर ससे, बाकावर दुपट्यातली जनता आणि मध्ये मी, कॉलेजची सॅक घेऊन. डॉक्टर म्हणाले, "बास आता. परवा एका पोराच्या आईनं विचारलं, ही कुठल्या बाळाला घेऊन आलीय." मग त्यांनी माझी जाडजूड फाइल पप्पांच्या हातात दिली आणि मोठ्यांच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला.

तिथल्या बाकावर सगळ्या आज्या होत्या. गडहिंग्लजहून आलेल्या एकीनं मला न्याहाळलं आणि पप्पांना म्हणाली, "लेकीला सोबतीला आणलं, बरं केलं पावणं. गुडघं का?"

"व्हय, गुडघं," पप्पा म्हणाले. त्यांना माझे गुडघे म्हणायचं होतं. मी सहसा बोलतच नाही. कॉन्व्हेंटमध्ये त्याबद्दल मला बक्षीसही मिळालं होतं.

आत डॉक्टरही फसले. त्यांनी पप्पांना स्टुलावर बसवलं.

"त्रास कधीपासून?"

"बारा वर्षं झाली की."

डॉक्टरांनी त्यांचा गुडघा धरून वाकवला. तो कटकन वाजला. पप्पा त्याच्याकडे बघतच राहिले. मी "पेशंट मी आहे" म्हणेपर्यंत दुसराही वाजवून झाला होता.

मग माझी पाळी. मनगटं चांगलीच सुजली होती. डॉक्टरांनी ती दाबत विचारलं, "गोळ्या वेळेवर?"

"एक चुकली न्हाय," पप्पा म्हणाले. "आठवड्याची गोळी दर रविवारी मी सोता हातावर ठेवतो."

ठेवत होते, हे खरं. पण त्या गोळीनं दुसऱ्या दिवशी पोटात ढवळायचं आणि सोमवारी माझं प्रॅक्टिकल असायचं. त्यामुळे तीन महिने मी ती जिभेखाली धरून बेसिनपर्यंत पोचवत होते.

"गोळी घेऊनही मनगटं अशी असतील तर तिचा उपयोग नाही," डॉक्टर म्हणाले. "डोस वाढवून इंजेक्शन सुरू करू." ते लिहायलाही लागले.

न खाल्लेल्या गोळीपायी मला जास्तीचं औषध टोचलं जाणार होतं. आणि खरं सांगावं तर ते पप्पांच्या देखत सांगावं लागणार होतं.

"पप्पांना बाहेर बसायला सांगाल का?" मी डॉक्टरांना म्हटलं.

"मला?" पप्पा म्हणाले. "हिचं सगळं मीच सांगतो. हिला बोलाय येत न्हाय."

"आत्ता बोलली की," डॉक्टर म्हणाले.

पप्पा बाहेर गेल्यावर मी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे संधिवात तुला आणि औषध बेसिनला." त्यांनी इंजेक्शनची ओळ खोडली, मळमळीवर एक गोळी लिहिली आणि आठवड्याची गोळी शनिवारी रात्री जेवून घ्यायला सांगितली. "म्हणजे ढवळलं तर रविवारी ढवळेल. आणि ती आता तू तुझ्या हातानं घ्यायची. वडलांना तूच सांग, मी सांगणार नाही."

बाहेर पप्पा आज्यांना आपला गुडघा वाजवून दाखवत होते. पार्किंगमध्ये स्कूटरजवळ मी त्यांना सांगितलं. त्यांनी किक मारायला उचललेला पाय खाली ठेवला.

"बेसिनमध्ये?"

"हो."

"तीन महिने?"

"हो. आता मी माझी घेईन. शनिवारी."

ते हँडल पुसायला लागले. मग म्हणाले, "मग रविवारी मी काय करू?"

मी मागे बसले.