शिवेवरून परत आलेला कोंबडा

मोसंबीच्या बागेच्या कडेला मी कडकनाथ कोंबड्यांची शेड घातली, तेव्हा सासूबाईंनी एकच गोष्ट बजावली. यातलं एकही कोंबडं घरातल्या चुलीवर शिजणार नाही. त्यांनी एकदा कापलेला कडकनाथ पाहिला होता. पिसं काळी, तुरा काळा, इथपर्यंत ठीक होतं. पण कातडी काळी, जीभ काळी, मांस काळं आणि आतलं हाडही काळपट निघालं, तेव्हा त्या परातीपासून मागं सरकल्या. "आत बी अंधारच हाय ह्याच्यात," एवढंच म्हणाल्या.

नवरा जालन्याला कंपनीत. मीही आधी तिथंच एका कचेरीत नोकरी करायची. सासरे गेले आणि सासूबाई शेत सोडायला तयार होईनात, म्हणून मी इकडं राहायला आले. अंबडहून शहागडकडं जाताना डांबरी रस्ता सोडून आत वळलं की आमचं शेत.

कडकनाथची मादी अंड्यांवर नीट बसत नाही. म्हणून तिची अंडी मी गावरान तांबड्या कोंबडीखाली ठेवायची. पिल्लं बाहेर आली की ती तांबडी मान वाकडी करून त्यांच्याकडं बघत राहायची, आणि मग एकदम ठरवल्यासारखी त्यांना पंखाखाली घ्यायची. माझंही तसंच झालं. पहिले काही महिने मला त्या कोंबड्यांची थोडी भीतीच वाटायची. भर उन्हात त्या झाडांखालून हिंडायला लागल्या की कोंबडी कुठली आणि सावली कुठली ते कळायचं नाही. मग हळूहळू त्यांची सवय झाली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी, एका सकाळी पलीकडच्या शिवारातला एक शेतकरी आला. वयस्कर, सरळ माणूस. मोटरीच्या लाईनवरून आमचं त्याच्याशी कधीमधी बोलणं व्हायचं.

"वैनी, एक कोंबडा पाह्यजे. पण एक बी पीस दुसऱ्या रंगाचं नको."

"कशासाठी?" मी विचारलं.

तो जरा घुटमळला. "घरातली बिमार हाय. दिवाळीपासून बोलणंच टाकलं तिनं. भिंतीकडं तोंड करून पडती. जालन्याला दवाखाना केला, गोळ्या चालू हेत. आता भाऊकी म्हणून राह्यली, एकदा उतारा करून बघा. कापणार न्हाई, वैनी. तिच्यावरून उतरायचा अन् शिवेवर सोडून द्यायचा."

मला हे पटलं नव्हतं. पण त्याच्या तोंडाकडं बघून नाही म्हणवेना. मी शेडमधला सगळ्यात काळा कोंबडा धरून आणला. एरवी धरायला गेलं की चोच मारणारा तो, त्या दिवशी मुकाट्यानं त्या शेतकऱ्याच्या काखेत गेला.

नंतरच्या आठवड्यात, दुपारचं जेवण उरकून मी पाणी भरायला शेडकडं गेले. काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. कसलाच आवाज नव्हता. सगळ्या कोंबड्या जाळीच्या एका बाजूला गोळा होऊन बाहेर बघत होत्या. जाळीबाहेर तो कोंबडा उभा होता. तुऱ्यावर कुंकू, पाठीवर हळद, आणि पायात काळ्या दोऱ्यानं बांधलेला बिब्बा.

मी सासूबाईंना हाक मारली. त्या आल्या आणि पदर तोंडावर धरून तिथंच थांबल्या.

"त्याला आत घेऊ नको," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या घरचं घेऊन आलंय ते."

"आत्याबाई, वाट माहीत होती म्हणून आला. तहानला असंल."

"मंग पाणी प्यायला का ते?"

प्यायला नव्हता. पाण्याचं भांडं समोर ठेवलं, ज्वारी टाकली, त्यानं मान खाली केली नाही. तो माझ्याकडंही बघत नव्हता. मी त्याला झाडाखाली डालग्यात झाकलं. नवऱ्याला फोन केला तर तो हसला. म्हणाला, ऊन लागलं असेल, उद्या खाईल.

दुसऱ्या दिवशी त्यानं खाल्लं नाही, आणि शेडमध्ये एकाही कोंबडीनं अंडं दिलं नाही. त्या कोंबड्या जाळीची तेवढी बाजू सोडून बसायला लागल्या.

त्याच संध्याकाळी तो शेतकरी आला. कोणाकडून तरी कळलं होतं त्याला.

"ते परत आलंय म्हणं?"

मी डालगं उचलून दाखवलं. तो मटकन खाली बसला.

"उतारा केला अन् दुसऱ्या दिवशी उठली ती, वैनी. चहा मागितला. भाकरी केली. माझं नाव घेऊन हाक मारली. आन् काल पुन्हा भिंतीकडं तोंड करून निजली." त्यानं वर बघितलं. "हे कधी आल्तं?"

"काल दुपारी."

"जेवण झाल्यावर?"

सासूबाईंनी हो म्हटलं.

त्यानं कोंबडा पोत्यात घातला. म्हणाला, शहागडच्या पुलावरून गोदावरीच्या पलीकडं नेऊन सोडतो, नदी काही त्याला ओलांडता यायची न्हाई. मोटारसायकलच्या मागं पोतं बांधून तो गेला. पोत्यातून हालचाल नव्हती.

दोन-तीन दिवसांनी, भर दुपारी, एक बाई बांधावरून अनवाणी चालत येताना दिसली. डोक्यावर पदर नाही, पायाला ढेकळं टोचत असतील याची पर्वा नाही. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं. ती जाळीला हात लावून उभी राहिली.

"तो कुठाय?" तिनं विचारलं. आवाज बरेच दिवस न वापरल्यासारखा खरखरीत.

"नदीपलीकडं नेला तुमच्या मालकांनी."

"माझ्यावरून फिरवत होते तवा तो माझ्याकडं बघत होता. मला लई वाईट वाटलं. त्यानं काय केल्तं? मी मनातल्या मनात म्हणले, परत जा बाबा तुझ्या घरी." ती थांबली. "मंग तो गेला. मला कळलं तो पोचलेला."

मी शेडचं दार उघडलं. ती आत जाऊन खाली बसली. अनोळखी माणसाला बघून फडफडाट करणाऱ्या त्या कोंबड्या एक एक करत तिच्या भोवती येऊन बसल्या. एक तर तिच्या लुगड्यावर चढली. सासूबाई दारातून हे बघत होत्या. त्यांनी तिला घरात बोलावलं नाही, पण तांब्याभर पाणी स्वतः नेऊन दिलं. ते ती घटाघटा प्यायली.

तिचा नवरा शोधत आला आणि तिला घेऊन गेला. नंतर ती रोज दुपारी यायला लागली. बोलायची नाही, नुसती बसायची. कोंबड्या पुन्हा अंडी द्यायला लागल्या. त्याच सुमारास जालन्याच्या डॉक्टरांनी तिच्या गोळ्या बदलल्याचंही कानावर आलं. मग पेरणीच्या वेळेला ती यायची बंद झाली.

त्यानंतर ती मला अंबडच्या बाजारात दिसली, कासाराच्या पालापुढं. हातात हिरव्या बांगड्या भरून घेत होती, चेहरा भरलेला, दाम वाजवी लाव म्हणून कासाराशी भांडत होती. तिचा नवरा पिशवी घेऊन मागं उभा. मी जवळ जाऊन विचारलं, "बरं हाय का आता?"

तिनं माझ्याकडं बघितलं. ओळख काही दिसली नाही. "बरं हाय की. तुम्ही कुठल्या?"

"मोसंबीच्या बागेतल्या. काळ्या कोंबड्या हेत ना आमच्या."

"अगं बाई!" ती हसून म्हणाली. "तुमच्या हेत व्हय त्या? मी कधी बघितल्या न्हाईत. अन् मला नका दाखवू बरं. काळ्या कोंबड्याचं मला लई भ्या वाटतं."

नवऱ्यानं तिच्या खांद्यावरून माझ्याकडं बघत हळूच 'नको' अशी मान हलवली. मी बांगड्यांचा रंग छान आहे असं म्हणाले आणि भाजीच्या ओळीकडं वळले.