बर्फातली सुरमई

बुलढाण्यात समुद्राचा मासा विकणं हे काही शहाण्या माणसाचं काम नाही. आमच्या घरचे लोक वरवट बकालला वांगी-टमाटे पिकवतात. त्यातही दर पडतात, पण माल निदान डोळ्यांसमोर असतो. मी मात्र तरुणपणी रत्नागिरीच्या एका हॉटेलात नोकरीला गेलो, बायको तिथलीच करून आणली आणि इथे कोर्टाजवळ लहानशी खानावळ काढली. बायकोच्या हातच्या सुरमईच्या कालवणावर खानावळ चालेल असं वाटलं होतं. चाललीही, पण माझ्या कंबरेच्या जिवावर.

दर रविवारी पहाटे मलकापूर स्टेशन गाठायचं. मुंबईहून येणारी गाडी तिथे जेमतेम थांबते. तेवढ्यात पार्सलच्या डब्यातून आपलं थर्माकोलचं खोकं उतरवून घ्यायचं. हमालाशी बोलणं लांबलं आणि खोकं राहिलं, तर ते अकोल्याची हवा खाऊन संध्याकाळी परत येतं आणि स्टेशनमास्तर आपल्याकडे नाकाला रुमाल लावून बघतो. खोकं मिळालं की जुन्या व्हॅनमध्ये टाकून मोताळ्यावरून राजूर घाट चढायचा. उन्हाळ्यात वर पोचेपर्यंत बर्फाचं पाणी होऊन गाडीभर पसरलेलं असतं. ती व्हॅन फुकट दिली तरी कोणी नेणार नाही, वासावरूनच परत करतील.

घरी बायको मागच्या दारात उभी असायची. खोकं उघडलं की आधी माशाचा कल्ला बोटाने उचलून आत बघायची. आतून लालभडक असला तर मासा ताजा. मग लगेच विचारायची, "काय दरानं?" एकदा दर कळला की मगच ती कोयती हातात घ्यायची. इतकी वर्षं इथे राहून तिच्या बोलण्यात वऱ्हाडी शिरलं, पण हा प्रश्न ती माहेरच्या सुरातच विचारायची.

दर मुंबईचा व्यापारी आदल्या दिवशी फोनवर सांगतो. थंडीत सुरमई भरपूर येते, तेव्हा दर माणसात असतो. होळीनंतर तो चढायला लागतो. मे महिन्यात बोटींना माल मिळत नाही, पुढे बंदी येणार म्हणून सगळ्यांनाच घाई, त्यामुळे दर ऐकताना मी फोन कानापासून जरा लांब धरतो. पावसाळ्यात समुद्रात जायला बंदीच. नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुटतात आणि मासा स्वस्त होतो, तर तेव्हा इथे श्रावण! मासा पाण्याच्या भावात आणि आमचं गिऱ्हाईक साबुदाण्यावर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, लोक सामिषावर तुटून पडतात, की चार दिवसांत गणपती बसतात. मग पितृपक्ष, मग नवरात्र. समुद्राचं आणि आमच्या जिल्ह्याचं कॅलेंडर कधी जुळलं नाही, आणि दोघांच्या मध्ये मी सापडलो. कोणाला दोष द्यायचा?

हे गिऱ्हाइकाला समजावून सांगणं आणखी कठीण. एक वकीलसाहेब दर रविवारी आमच्याकडे जेवायला येतात. ते दर पावसाळ्यात तोच प्रश्न विचारायचे, "काऊन हो, पावसात मासा नाही मंजे काय? पाणी तर तवाच जास्त असते." त्यांचंही चुकत नव्हतं. आमच्याकडे उन्हाळ्यात धरण आटलं की उरल्या डबक्यात मासे हाताने धरता येतात आणि बाजारात स्वस्त होतात. समुद्रही तसाच वागत असेल, असं त्यांना वाटायचं. "उन्हाळ्यात महाग अन् पावसात गायब. तुमचा समुद्र उलटाच चालते," असं म्हणून ते अंडाकरी मागवायचे.

दोन वर्षांपूर्वी बंदीच्या दिवसांत व्यापाऱ्याने मला सुचवलं, "शेठ, गोठवलेले तुकडे घ्या ना. साफ करून, कापून येतात. वर्षभर एकच दर." शिवाय तो माल आइस्क्रीमच्या गाडीतून थेट दारात येणार होता. मलकापूर नाही, घाट नाही. मी हो म्हणालो. बायकोने मात्र अट घातली, "ठेवायची तर ठेवा. पण दारातल्या फळ्यावर नेहमीसारखं ताजी लिहाल, तर मी शेगडीले हात लावणार नाही."

म्हणून मी खडूने स्वच्छ अक्षरात लिहिलं, "बर्फातली सुरमई". हे वाचून कोणी फिरकणार नाही अशी माझी खात्री होती. पण वकीलसाहेबांनी मागवली, खाल्ली, बोटं चाटली. पुढच्या रविवारी ते आणखी दोघांना घेऊन आले. त्यानंतर लोक बसल्या बसल्या विचारायला लागले, "ते बर्फातली आहे का?"

श्रावण संपला. करीच्या दिवशी मी मोठ्या हौसेने मलकापूरहून ताजी सुरमई आणली. कल्ला असा लाल होता की बायको दोनदा बघून हसली. फळ्यावर वर "ताजी सुरमई" लिहिलं आणि खाली, शिल्लक होती म्हणून, "बर्फातली". दुपारपर्यंत खालची संपली आणि वरची तशीच पडून. वकीलसाहेबांना मी स्वतः आग्रह केला, "साहेब, आज ताजी घ्या. सकाळीच उतरवली."

ते गालातल्या गालात हसले. "शेठ, समुद्र कुठं अन् बुलढाणा कुठं! इथं ताजी मंजे धरणातली असन. आमाले तर मुंबईची पाहिजे, बर्फातली."

"मग इतकी वर्षं मी ताजी लिहीत होतो, ते काय खोटं लिहीत होतो?"

"खोटं नाही हो," ते माझी समजूत घालत म्हणाले. "धंद्यात तसं लिहाच लागते. दूधवाला नाही म्हणत, पाणी नाही टाकलं म्हणून? तुम्ही खरं लिहिलं, मंग आमाले इश्वास आला."

मला इतकं वाईट वाटलं की रागच आला, पण रागावण्याइतकंही त्राण नव्हतं. इतक्या पहाटा, इतके घाट, इतकं बर्फाचं पाणी, आणि हे लोक सगळा वेळ समजून घेत होते की बिचारा पोटासाठी थोडं खोटं लिहितो. कोणी मला बोललं नव्हतं, कोणी भांडलं नव्हतं. प्रेमानेच खात होते सगळे. बायको आतून सगळं ऐकत होती. त्या दिवशीच्या उरलेल्या ताज्या माशाचं तिने कामाच्या बायांना आणि शेजाऱ्यांना वाटप केलं.

तरी थंडीभर मी हट्टाने जात राहिलो. थंडीत माल चांगला, दर बरा, आणि तरीही अर्धा मासा तसाच उरायचा. होळीनंतर दर चढला आणि त्याबरोबर कंबरेचं दुखणंही चढलं. बायकोच म्हणाली, "नका जाऊ. बर्फातलीच चालली आहे ना? झोपा रविवारी." मी झोपलो. खरं सांगतो, इतकी गाढ झोप मला लग्नानंतर लागली नव्हती.

मे महिन्यातल्या एका रविवारी गिऱ्हाईक आटोपल्यावर मी आत गेलो. बायको जमिनीवर बसून वरण-भात खात होती, सोबत लोणचं. मागे पातेल्यात कालवण उरलेलं होतं.

"काऊन वो, मासा नाही घेतला?" मी विचारलं.

"त्याले डोकं कुठाय?" ती म्हणाली आणि भात कालवत राहिली.

मग माझ्या लक्षात आलं. सुरमईचे तुकडे गिऱ्हाइकाला जायचे. डोकं इथे कोणी खात नाही, काटे लागतात म्हणून ताट परत करतात. डोकं कायम तिच्या वाट्याला असायचं. सगळं आवरल्यावर त्याचं आंबट कालवण करून ती मागच्या दारात एकटी बसायची, आणि तेवढा वेळ तिला कोणी हाक मारलेली चालायची नाही. गोठवलेले तुकडे डोक्याशिवाय येतात. होळीपासून तिने मासा चाखलाच नव्हता.

"सांगायचं नाही का मग?" मी म्हणालो.

"काय सांगायचं? एका डोक्यासाठी घाट चढा म्हणून?" ती चिडली. "खाऊ द्या मले."

पुढच्या शनिवारी मी व्यापाऱ्याला फोन केला आणि एक मासा मागितला. "शेठ, एका माशाला खोकं? आणि आत्ता? बंदी तोंडावर आहे, दर ऐकलात का?" त्याने दर सांगितला. मी फोन लांब धरला, मग परत कानाला लावून पाठव म्हणालो.

पहाटे मलकापूरला हमाल मला बघून म्हणाला, "लय दिवसांनी!" मी कंबरेवर हात ठेवून खोकं उतरवलं. हलकं होतं. घाटात ऊन लागलं, बर्फाचं पाणी गाडीत सांडलं, तो जुना वास पुन्हा आला. मला कंटाळा आला होता, आणि तरी बरं वाटत होतं.

बायको मागच्या दारात आली. तिने कल्ला उचलला. आत लाल होता.

"फळ्यावर काय लिहू?" मी विचारलं.

"काही नको लिहू," ती म्हणाली. तिने मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं, त्या सकाळी तेही केलं. मग कोयती घेतली आणि नेहमीसारखं विचारलं, "काय दरानं?"

मी थंडीतला दर सांगितला.

तिचं सगळं माहेर समुद्रावर जगलेलं. मे महिन्यात सुरमई कशी जाते हे तिला माझ्यापेक्षा आणि त्या व्यापाऱ्यापेक्षा जास्त कळतं. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं.

"स्वस्त मिळाली," ती म्हणाली, आणि डोकं वेगळं केलं.