जोबीचा डावा हात

अमावास्येला नव्या कापडाला कात्री लावू नये म्हणतात. मी टेलर, पन्नास वर्षं लावली, काही झालं नाही. कुणाच्या अंगात आलं की लोक हात जोडायला धावायचे. मी म्हणायचो, दोन ठेवून द्या, उतरेल. या ग्रुपवर असले अनुभव लिहिणाऱ्या बऱ्याच जणांना मी मनात हसलोय, ते आधीच कबूल करतो. वाचायचो मात्र सगळं. आता माझीच पाळी आली.

शिक्षण सातवी, तेही कन्नड शाळेत. मराठी घरातली. बेंगळुरात आमची चौथी पिढी, मधेच एखादा कन्नड शब्द येईल, चालवून घ्या. मी वहीत लिहिलंय. सूनबाई बेळगावची, ती मोबाईलवर टाइप करून देतेय. तिला सांगितलंय, शुद्धलेखन नीट कर, पण मला गोड करू नको. यात एक गोष्ट आहे ती घरात कुणालाच माहीत नाही. तिला टाइप करताना कळेल. कळू दे.

माझी बायको सुशीला श्रावणात गेली. लकवा. डावी बाजू पूर्ण गेली, जीभ जड झाली, नाकात नळी. तीन दिवस आयसीयूत होती. संध्याकाळी पाच ते साडेपाच, एकाच माणसाला आत सोडायचे. तो माणूस मी.

तीन दिवस ती मला एकच गोष्ट सांगत होती... हाताने. उजवा हात उचलायची, डाव्या खांद्यावर न्यायची, तिथं काहीतरी चाचपायची. मग तोंड उघडून ‘हा’ करायची. मग अंगठा दोन बोटांवर घासायची. पुन्हा खांदा, पुन्हा ‘हा’, पुन्हा बोटं. आणि डोळे सगळा वेळ माझ्या तोंडावर.

पहिल्या दिवशी मला वाटलं खांदा दुखतोय. चोळला. तिनं मान हलवली – नाही. दुसऱ्या दिवशी वाटलं तहान लागलीय. नर्सने ओला कापूस ओठांना लावला. पुन्हा नाही. तिसऱ्या दिवशी... अंगठा बोटांवर घासला की काय समजायचं, तुम्हीच सांगा. मला वाटलं पैसे. तीन दिवस मी बाहेरच्या बाकड्यावर काढले होते, झोप नव्हती, डोकं फिरलं. मी ओरडलो, "मरायला टेकलीस तरी पैसा पैसा! गप पड की जरा!"

हात खाली गेला. डोळे मिटले. नंतर तिनं हात उचलला नाही. त्या रात्री मुलानं मला घरी झोपायला पाठवलं, सकाळी दवाखान्यातून फोन आला.

हे मी कुणाला सांगितलं नाही. दहाव्याला कावळा लवकर शिवेना, तेव्हा सगळे विचारायला लागले, काही सांगायचं राहिलं होतं का हो तिचं? मी म्हटलं, नाही. खोटं बोललो. काय राहिलं होतं ते मलाच ठाऊक नव्हतं. पुढचे सात महिने रोज मी अंथरुणात पडून माझा उजवा हात खांद्यावर नेऊन बघत होतो. काही सुचायचं नाही.

आता क्लासचं सांगतो.

माझी नात रेवती एकोणीस वर्षांची. तिला ॲक्टिंगमध्ये करिअर करायचंय. क्लास येलहंक्याला, आम्ही के. आर. पुरमला. मुलगा म्हणाला, बाबा, ती एकटी नको, तुम्ही सोबत जा. मी म्हटलं, खोटं रडायला शिकवायला क्लास? पण घरात भिंत बघत बसण्यापेक्षा बरं, म्हणून जायला लागलो. दर शनिवारी सकाळी, हेब्बाळला बस बदलून.

जुन्या येलहंक्यात एका टायरच्या दुकानावर हॉल आहे. बारा-तेरा मुलं, एक सतरंजी, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, रस्त्याकडे एक मोठी खिडकी. शिकवणाऱ्या शारदाक्का. साठीच्या, केस आखूड, सगळं आयुष्य कन्नड नाटकात गेलेलं. मी दाराबाहेर स्टुलावर बसायचो.

मुलांचं एकच चालायचं – ऑडिशन कधी, फोटो कुठे काढायचे, एजंट कोण चांगला. अक्का म्हणायच्या, "फोटो नंतर. आधी पाणी प्यायला शिका. ग्लास नसताना." आणि एकालाही जमायचं नाही! ओठाला ग्लास लावायचे, आणि हात खाली आणला की ग्लास गायब. अक्का ओरडायच्या, "अरे, ग्लास कुठे टाकलास? काच लागेल ना कुणाच्या पायाला!" मला बाहेर बसून हसू यायचं.

एका शनिवारी त्यांनी गृहपाठ दिला. घरातल्या एका माणसाचे हात आठवडाभर बघा. त्याचं एक काम पुढच्या वेळी करून दाखवा. हातात वस्तू नाही, तोंडात शब्द नाही. बाकीच्यांनी ओळखायचं.

पुढच्या शनिवारी मुलांची सुरुवात झाली. दोन-तीन जण झाले, सगळेच कच्चे. तेवढ्यात अक्कांनी मला हाक मारली. "बन्नी अज्जा, आत या. बाहेर बसून फुकट शिकताय. टेलर ना तुम्ही? सुई ओवून दाखवा. सुई नाही, दोरा नाही."

रेवती म्हणाली, "आजोबा, प्लीज!" म्हणून उठलो. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, पीळ दिला, सुई खिडकीच्या उजेडाला धरली, ओवायला गेलो. चुकलो. पुन्हा पीळ दिला. मग गेला.

अक्का म्हणाल्या, "बघितलंत? पहिल्यांदा दोरा चुकला. तुमच्यातल्या कुणी चुकवला असता? तुम्हाला नुसती पोचायची घाई." मागून एक पोरगं म्हणालं, "मॅम, आम्हाला सोडा, अज्जांचीच ऑडिशन पाठवा." सगळे हसले. मीही हसलो. सात महिन्यांत पहिल्यांदा. मला आतच खुर्ची दिली.

मग जोबी उठला.

जोबी केरळचा, सहा फुटी, दाढीवाला. इलेक्ट्रॉनिक सिटीत कंप्युटरचं काम करतो. शहराच्या त्या टोकाहून या टोकाला यायचा, आणि क्लासमधला सगळ्यात वाईट नट. लाकूड नुसतं. मराठीचा एक शब्द येत नाही, कन्नड स्वल्प. पण पोरगा सरळ, कधी रागवायचा नाही.

मधोमध जाऊन उभा राहिला. बराच वेळ नुसता उभा. कुणीतरी म्हणालं, "जोबी हँग झाला, रिस्टार्ट करा." हशा.

तेव्हा त्याचा डावा हात पडला. सोडला नाही त्यानं... पडला. खांद्यापासून. बोटं अर्धी वळलेली. मी तसा हात तीन दिवस बघितला होता.

त्यानं उजवा हात उचलला आणि डाव्या खांद्यावर नेला. तिथं चाचपडला.

"शोल्डर पेन!" पोरं ओरडली.

त्यानं मान हलवली. तोंड उघडून ‘हा’ केलं.

"थर्स्टी! पाणी!"

मान हलवली – नाही. अंगठा दोन बोटांवर घासायला लागला.

"मनी! मनी! मनी!"

हीच तीन उत्तरं. याच क्रमानं. मी दिलेली.

मी खुर्चीवरून उठलो. मला बाहेर जायचं होतं. खरं सांगतो, मला पळायचं होतं. पण जोबी माझ्याकडे बघत होता. बाकी कुणाकडे नाही. डोळे माझ्या तोंडावर. पुन्हा खांदा, पुन्हा ‘हा’, पुन्हा बोटं. पोरांचा आवाज हळूहळू बसला. अक्का पुढे झाल्या होत्या, पण त्यांनी थांबवलं नाही.

मग त्याचा डावा हात वर यायला लागला. विहिरीतून भरलेली बादली ओढावी तसा, थांबत थांबत. कपाळावर घाम आला होता त्याच्या. हात वर आला, तसा तो माझ्याकडे चालत आला. माझ्या तोंडापासून चार बोटांवर हात थांबला. चिमटीत काहीतरी धरलं आणि अलगद मागे घेतलं.

आणि त्या दाढीवाल्या माणसानं डाव्या खांद्यावरून पदर ओढून घेतला. पुढ्यात धरलेल्या वस्तूवर ‘हा’ केलं. पदर अंगठ्याखाली घेऊन घासलं. एक बाजू, मग दुसरी बाजू. खिडकीकडे धरून, एक डोळा मिटून आरपार बघितलं. पुन्हा एकदा घासलं.

मग दोन्ही हात माझ्या तोंडाकडे आणले. मी मान खाली घातली. कुणी सांगितलं नव्हतं. घातली गेली. आणि तो... माझ्यापेक्षा फूटभर उंच माणूस... टाचा उचलून चवड्यांवर उभा राहिला. माझ्या डाव्या कानामागे बोट लावून त्यानं दोनदा दाबलं.

"स्पेक्स!!" सगळा क्लास ओरडला. टाळ्या.

सेहेचाळीस वर्षं सुशीला रोज सकाळी माझा चष्मा पुसायची. आंघोळ करून मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचो, ती हात पुसून यायची, माझ्या नाकावरून चष्मा काढायची, पदराला पुसायची, उजेडाला धरून बघायची. ती बुटकी, म्हणून मी वाकायचो आणि ती टाचा उचलायची. डाव्या काडीचा स्क्रू ढिला आहे, मी तिथं दोरा गुंडाळलाय, म्हणून ती कानामागे दोनदा दाबून बसवायची. रोजचं होतं. रोजचं म्हणून मला कधी दिसलंच नाही.

आयसीयूत चष्मा धरायचा हात गेला होता. अंगावर दवाखान्याचा गाऊन, पदर कुठून असणार? अर्धीच खूण उरली होती. मी तीन दिवस तेलकट, डागांचा चष्मा घालून तिच्यापुढे उभा होतो, आणि ती सांगत होती, आणा तो इकडे. आणि मी म्हटलं, पैसा पैसा.

क्लास सुटल्यावर जोबीला खाली चहाच्या गाड्याजवळ गाठलं. मी माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं, "ये तुम किसका हाथ देखा? माँ का?"

"नहीं अंकल. माँ को तो चष्मा ही नहीं है. मैं रूममेट का कॉफी करने वाला था. पूरा वीक वही प्रॅक्टिस किया." तो डावा हात चोळत होता. "हाथ सो गया एकदम. मैं रुकने वाला था. फिर आपका स्पेक्स देखा... सॉरी अंकल, बहुत गंदा था. बस उतना याद है."

"और पाँव? एडी ऊपर क्यों किया?"

"मैंने? ऊपर?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "आप तो मेरे से छोटे हो अंकल."

बसमध्ये रेवतीला विचारलं, आजीचं काही बोलली होतीस का त्याच्याशी? ती म्हणाली, "नाही आजोबा. आजी तुमचा चष्मा अशीच पुसायची ना? मला रडूच आलं. पण त्यानं आधी हात तसा लटकता का ठेवला होता?" तिला आयसीयूत सोडलंच नव्हतं. मी म्हटलं, काय माहीत. आणि खिडकीबाहेर बघत बसलो.

पुढच्या शनिवारी अक्का म्हणाल्या, जोबी, ते पुन्हा कर. त्याला जमलं नाही. दहा वेळा केलं असेल. पदर उजव्या खांद्यावरून ओढायचा, ‘हा’ करायचं विसरायचा, चष्मा हवेतच सोडून द्यायचा. पोरं हसायला लागली. त्याला ते ऑडिशनला रेकॉर्ड करून पाठवायचं होतं, म्हणून माझ्या मागे लागला, अंकल शिकवा. मी शिकवलं. खरंच शिकवलं, तीन शनिवार, हाताला धरून. नाही आलं. शेवटी त्यानं कॉफीच पाठवली. अजून बोलावणं नाही.

अक्कांना मी सगळं सांगितलं. आजवर एवढ्या एकाच माणसाला. त्या माझ्यासमोर सतरंजीवर बसल्या. मग म्हणाल्या, "अज्जा, चाळीस वर्षं मी हेच शिकवतेय, दुसऱ्याचे हात उसने आणा म्हणून. कुणाला असे मिळालेले मी बघितले नाहीत. मला विचारू नका."

तुमच्यातले काही म्हणतील, म्हाताऱ्याच्या मनाचे खेळ. मीही तेच म्हटलं असतं. पण तेरा जणांनी बघितलंय, आणि त्यांचं मन माझ्यासारखं नव्हतं. काहींना वाटेल, आता हा सांगणार की नंतर बघितलं तर चष्मा लखलखीत. नाही. चष्मा होता तसाच घाण होता. त्याला कुणी हात लावलेला नव्हता. मला उत्तर मिळालं, पण ते कुणी दिलं ते मला कळलेलं नाही, आणि आता कळेल असं वाटतही नाही.

आता रोज सकाळी मीच पुसतो, शर्टाच्या टोकाला. नीट निघत नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून उजेडाला धरून बघतो. घालायच्या आधी मान आपोआप खाली जाते... पुढे कुणी नसतं. स्वल्प थांबतो तसाच. मग घालून घेतो, आणि डाव्या कानामागे दोनदा दाबतो.