मामाच्या उसळीतलं मीठ

आमच्या चर्चमधली चार जुनी माणसं एकत्र बसली की एक गोष्ट हमखास निघते. पूर्वीचे ते परदेशी फादर साहेबलोकांच्या बाजूचे होते, असं कोणीतरी म्हणतं. कम्युनियनच्या, म्हणजे फादरच्या हातून पवित्र भाकर घेण्याच्या, आधीच्या उपवासात सूट आली, ती त्यांनी पुढच्या बाकांवरच्या इंग्रजी बोलणाऱ्यांना लगेच दिली आणि मागे सतरंजीवर बसणाऱ्या आम्हा मराठी कामगारांना कितीतरी उशिरा. परवा हेच मी एका तरुणाच्या तोंडून ऐकलं. त्याचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. म्हणून हे लिहितो आहे. फादरनी ती सूट एकाच दिवशी, एकाच वाक्यात, सगळ्यांना दिली होती. ती मागच्या लोकांपर्यंत पोचली नाही, कारण मधे मी उभा होतो.

मी नगर जिल्ह्यातून पिंपरीला आलो १९६२ साली. मॅट्रिक झालेला, कामापुरतं इंग्रजी येणारा, म्हणून कारखान्यात टाइमकीपर म्हणून लागलो. भोंगा वाजल्यानंतर आलेल्याचं कार्ड बाजूला काढायचं, हे माझं काम. माणूस ओळखीचा असो, शेजारचा असो, मी कार्ड काढायचो. त्याचा मला अभिमान होता.

तेव्हा इकडे आमचं चर्च नव्हतं. चिंचवडला एका शाळेचा हॉल रविवारी सकाळी मिळायचा. फादर पुण्याहून मोटारसायकलवर यायचे, शाळेच्या टेबलावर पांढरं कापड अंथरून वेदी मांडली जायची आणि मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, व्हायची लॅटिनमध्ये. फादर नवीन होते. ‘या’, ‘बसा’ आणि ‘चहा नको’, एवढंच मराठी त्यांना येत होतं. त्यामुळे त्या दिवसाचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलातला येशूच्या शिकवणीचा उतारा, मराठीतून वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. ते सूचना इंग्रजीतून सांगायचे, मी शेजारी उभा राहून त्या मराठीत सांगायचो. मुलांना धर्मशिक्षणही मीच द्यायचो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणायचे.

आमच्या कँटीनचा आचारी आमच्याच धर्माचा, नगरकडचाच, माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठा. अख्खा कारखाना त्याला मामा म्हणायचा. भट्टी थांबवता येत नसल्यामुळे कारखाना रविवारीही चालायचा, आणि रात्रपाळी सुटायच्या वेळी, सहाच्या सुमाराला, मामाची मटकीची उसळ आणि पाव तयार असायचा. सातला मामा हात धुऊन, डोक्याला पाणी लावून, आठच्या मिस्सेला चालत यायचा आणि शेवटच्या रांगेत बसायचा. कम्युनियनला मात्र कधी उठायचा नाही.

कारण तीन तासांचा नियम. कम्युनियनच्या आधी तीन तास पोटात काही जाता कामा नये, पाणी सोडून. कम्युनियन व्हायला पावणेनऊ व्हायचे. म्हणजे पावणेसहानंतर काही खाल्लं की संपलं. आणि मामाची उसळ उतरायची सहाला. उतरवायच्या आधी तो पळीतली थेंबभर तळहातावर घ्यायचा आणि चाखायचा.

एकदा त्यानं मला विचारलं होतं की चाखून थुंकलं तर चालेल का. नंतर मला कळलं की चाललं असतं. पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं आणि माहीत नाही असं म्हणायची मला सवय नव्हती. मी सांगितलं, जिभेला लागलं म्हणजे लागलं. मामानं जरा विचार केला आणि म्हणाला, “तसं बी अन्नापाशी हुबं ऱ्हाऊन थुकायचं कसं, मास्तर?” मग हसून म्हणाला, “येशू घरी आला तवा मार्थाबाई चुलीपाशीच व्हती न्हवं? ती बी चाखतच आसंल की.”

मी हसलो नाही. शास्त्राची थट्टा करू नये, असं काहीतरी बोललो.

दोनेक वर्षांनी, नाताळाच्या आधीच्या एका रविवारी, फादरनी सूचना सांगितल्या. पुढच्या रविवारी मिस्सा अर्धा तास उशिरा. मुलांची नाताळाच्या गाण्यांची तालीम. आणि रोमहून नवा नियम आला आहे, आता उपवास तीन तासांचा नाही, एकाच तासाचा. पुढच्या बाकांवर गोव्याची, मंगळूरची, केरळची मंडळी होती. कोणी ऑफिसर, कोणी स्टेनो. त्यांच्यात कुजबुज झाली. मी मराठीत पहिली सूचना सांगितली, दुसरी सांगितली आणि पुस्तक मिटलं.

विसरलो नव्हतो. माझी आई लहानपणी मला घेऊन मिस्सेला चार कोस चालत जायची. तेव्हा मध्यरात्रीपासून उपवास असे, पाणीसुद्धा नाही. एकदा ती वाटेत चक्कर येऊन बसली होती, पण ओढ्याच्या पाण्याला तिनं ओठ लावला नाही. त्या हॉलमध्ये उभं असताना मला वाटलं, आईनं जे सोसलं ते आता फुकट गेलं. ज्याला कशाची चाड नाही असा माणूसही चहा ढोसून रांगेत उभा राहणार. सांगू पुढच्या रविवारी, असं मी स्वतःला म्हणालो. पुढच्या रविवारीही सांगितलं नाही. मग जितका उशीर होत गेला तितकं सांगणं अवघड होत गेलं.

नेमकं त्याच सुमाराला मामाच्या मनानं घेतलं. नाताळ आला, आता कम्युनियन घ्यायचीच. त्यानं रविवारी चाखणं बंद केलं.

पण त्याच्या हाताला सवय होती ती आधी मीठ बेताचं टाकून चाखून वाढवायची. नुसत्या नजरेनं त्याला ते जमेना. भांडी घासणाऱ्याला चाखायला सांगितलं तर तो सगळ्याला ‘झकास’ म्हणायचा. एका रविवारी उसळ अळणी, दुसऱ्या रविवारी खारट. रात्रभर भट्टीपाशी घाम गाळून आलेली माणसं ती. चाकणकडच्या गावातला एक फिटर होता, तो ताट घेऊन म्हणाला, “मामा, देवाकडं तुमी जायचं आन् खारं पानी आमी प्यायचं, हे बरं हाय राव.” सगळे हसले. मामाही हसला. रात्रपाळी करून मीही त्यांच्यातच बसलो होतो, उपवास म्हणून नुसतं पाणी घेऊन, खाली मान घालून.

मामा मात्र त्या रविवारांना कम्युनियनला येऊ लागला. मी ताटली धरून फादरच्या शेजारून चालायचो, भाकरीचा कण खाली पडू नये म्हणून प्रत्येकाच्या हनुवटीखाली ती धरायची असते. मामा डोळे मिटून जीभ पुढे करायचा.

जानेवारीत कँटीनच्या सुपरवायझरनं त्याला बोलावून सांगितलं की तक्रारी वाढल्या आहेत, आणखी एक रविवार असा झाला तर आचाऱ्याचं काम काढून भांडी घासायला लावीन. त्या दिवशी मामा गेटवर माझ्या खिडकीशी आला. त्यानं आधी एक वेगळीच गोष्ट विचारली. पुढच्या बाकावरचे एक साहेब मिस्सेच्या आधी हॉलबाहेर थर्मासमधून चहा घेताना त्यानं पाहिले होते.

“त्यास्नी येगळा नेम हाय का, मास्तर?”

मी म्हणालो, त्यांचं ते बघतील.

“मंग माझं मी बगू का? चाखलं तर देव जातोय, न्हाई चाखलं तर काम जातंय. काय करू, तुमीच सांगा.”

“नियम मी केलेला नाही, मामा,” मी म्हणालो. तो परत कँटीनकडे गेला. पुढच्या रविवारी उसळ चांगली झाली. मामा शेवटच्या रांगेत बसून राहिला, उठला नाही.

माझ्या बायकोला शेजारच्या गोव्याच्या बाईंकडून एक तासाचं कळलेलंच होतं. तिनं मला एकदाच विचारलं, हे तुम्ही सगळ्यांना सांगितलंत का. मी चपला घालून कामावर निघालो. पुन्हा तिनं विचारलं नाही. पण त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी साडेसहाला तिनं माझ्यापुढे चहाचा कप आणून ठेवला. “घ्या,” म्हणाली, “तास आहे.” मी तो तसाच ठेवून निघालो.

त्या दिवशीचं शुभवर्तमान होतं द्राक्षमळ्याच्या मालकाचं. मी ते अनेकदा वाचलेलं होतं. मालक पहाटे मजूर लावतो, मग नऊला, दुपारी, आणि अगदी काम सुटायच्या तासभर आधीही. संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. सकाळपासून उन्हात राबलेले कुरकुरतात. हॉलमध्ये बसलेले सगळे पाळीवाले. मागून कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, “आन् ओव्हरटाइमचं काय?” हसू पसरलं. फादरना काही कळलं नाही, तेही हसले.

मग ते वाक्य आलं. मालक त्या कुरकुरणाऱ्याला विचारतो की तुझं मी काही बुडवलं नाही, मग मी दुसऱ्याशी चांगला वागलो तर तुझ्या डोळ्यांत का खुपतं. इथे मी तेच वाक्य पुन्हा वाचलं. मी गेटवर बसून त्या मालकाच्या मळ्यात उशिरा आलेल्यांची कार्डं काढून घेत होतो. मालकानं मला ते काम दिलेलंच नव्हतं. आणि माझी आई ओढ्यापाशी बसली होती ती कोणाची वाट अडवायला नव्हे. तिला फक्त पुढे जायचं होतं.

वाचून झाल्यावर मी खाली उतरलो नाही. म्हणालो, “एक सूचना राहिली आहे. आता कम्युनियनच्या आधी एकच तास काही खायचं नाही. सहाला खाल्लेलं, प्यायलेलं, चाखलेलं, सगळं चालतं.” ‘चाखलेलं’ म्हणताना मी शेवटच्या रांगेकडे बघितलं. मामा बोटांवर तास मोजत होता.

तो उठला. मी त्याच्या हनुवटीखाली ताटली धरली. मामाच्या अंगाला कांद्याचा आणि फोडणीचा वास येत होता.

इथेच मी सगळं सांगून टाकायला हवं होतं. पण मी ‘राहिली आहे’ म्हणालो, ‘मी दडवली’ म्हणालो नाही. बाहेर पडताना लोक पुढच्या बाकांकडे बघून बोलू लागले की ह्यांना आधी आणि आपल्याला आता. ती गोष्ट तिथे जन्मली. मी ऐकत होतो. पुढे फादरची बदली झाली, तेव्हाही निरोपाला मागची माणसं थोडीच आली. फादरना कारण कळलं नाही. मला माहीत होतं.

ऐंशी सालानंतर कळलं की ते फादर म्हातारे होऊन पुण्यात वृद्ध धर्मगुरूंच्या घरात राहतात. मी गेलो. व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसले होते. मी सगळं सांगितलं. तोवर त्यांचं मराठी माझ्याइतकंच चांगलं झालं होतं. त्यांना तो रविवार आठवत नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, त्या आचाऱ्याला भांडी घासायला लावलं का. मी नाही म्हणालो. मग ते म्हणाले, “मी तेव्हा जे बोललो, ते आता मराठीत सांगा.”

मी उभा राहिलो आणि सांगितलं. फादर म्हणाले, “बरोबर. आता सगळं त्या आचाऱ्याला सांगून या.”

मामा त्याच महिन्यात निवृत्त होऊन गावी निघाला होता. शनिवारी संध्याकाळी मी त्याच्या खोलीवर गेलो. तोवर आमचं चर्च झालं होतं, शनिवारी सातला मिस्सा असायची, पुढे मला तिथेच जायचं होतं. खोलीत बांधलेली बोचकी होती, आणि स्टोव्हवर शेवटची म्हणून मटकीची उसळ होती, शेजाऱ्यांना वाटायला. मी दारातच उभा राहून बोललो. बसलो असतो तर बोलणं झालं नसतं.

मामानं स्टोव्ह बारीक केला. उसळ एकदा ढवळली. मग म्हणाला, “म्हंजी ती खारी उसळ तुमची व्हती, मास्तर.”

मी म्हणालो, हो.

“आन् मी येवडी वरसं त्या भांडीवाल्याला श्या घालतोय.” तो हसायला लागला, हसता हसता त्याला ठसका लागला, मी पाणी दिलं. पाणी पिऊन तो जरा कडक आवाजात बोलला. “मला वाईट वाटलं व्हतं बरं का. लई. मागं बसून ऱ्हायचो, तवा वाटायचं देवालाच आपला हात लागलेला नको आसंल.”

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. त्यानंच माझा दंड धरून मला बोचक्यावर बसवलं. म्हणाला, आता झालं ते झालं, पण फादरच्या नावावर जे लागलंय ते लोकांपुढं काढा. मी कबूल केलं. ते आज करतो आहे, फार उशिरा. मामाही नाही आणि फादरही नाहीत. पण लिहिताना छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटतं आहे, आणि त्याची मला आता लाज वाटत नाही.

त्या संध्याकाळी उठताना मामानं पळीतली उसळ तळहातावर घ्यायच्या ऐवजी पळीच माझ्यापुढे केली. माझी नजर सवयीनं मनगटाकडे गेली. मामानं ते पाहिलं. त्यानं मान वळवून भिंतीवरच्या घड्याळात बघितलं, सव्वापाच झाले होते.

“तास हाय अजून, मास्तर,” तो म्हणाला. “मीठ बगा.”

मी चाखलं. मीठ बरोबर होतं.