घाटावरचं पीच

दुबईत करामा भागातल्या फळवाल्याकडे पीचचा वास आला आणि फ्रान्समधल्या सायकल सहलीतला, नदीकाठून वर चढणारा तो घाटरस्ता आठवला. बायको, मेघना, सायकल शिकली ती इथल्या सपाट ट्रॅकवर. चढावर गिअर कसे बदलायचे, हे मी तिला शिकवलंच नव्हतं. वळणावरून मागे पाहिलं, तर ती उतरून सायकल ढकलत होती. मला लय मोडायची नव्हती. मी थांबलो नाही.

बऱ्याच वेळाने ती लालबुंद होऊन वर आली.

"मागे पाहिलं नाहीस का रे?"

"पाहिलं. दिसलीच नाहीस."

तिने खिशातून पीच काढलं. "वाटेत एकच मिळालं. खा, उपाशी असशील."

मी अख्खं खाल्लं.

आज किलोभर घेऊन घरी आलो.

"एवढं कोणासाठी रे?" तिने विचारलं.

"तुझ्यासाठी" म्हणायला माझी जीभ रेटेना.