स्कूटीसाठी आमेन

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मला स्कूटी हवी होती आणि पप्पांना ती द्यायची नव्हती. आमचं गाव पारनेर तालुक्यात, कॉलेज नगरला, मधे ट्रकांनी भरलेला हायवे. पप्पांचं उत्तर एकच, "न्हाई." मी जेवण सोडलं, तर माझ्या ताटातली भाकरी ते शांतपणे खात. अबोला धरला, तर म्हणत, "घरात लई शांतता हाय, बरं वाटतंय."

शेवटी मी वरच्या कोर्टात जायचं ठरवलं. आमच्या चर्चमध्ये उपदेशाआधी पाळकसाहेब प्रार्थनेच्या विनंत्या विचारतात. कुणी उठून गुडघेदुखी सांगतं, कुणी लेकीचं लग्न, कुणी बोअरचं पाणी. त्या रविवारी मी उठले आणि गरीब चेहरा करून म्हणाले, "एका बापाचं मन फार कठीण झालंय. देवाने ते मऊ करावं."

माझ्या स्कूटीचं प्रकरण अख्ख्या गावाला ठाऊक होतं. बायकांनी तोंडाला पदर लावले. पाळकसाहेबांनी मात्र मनापासून प्रार्थना केली. मी एक डोळा किलकिला करून पप्पांकडे बघत होते. शेवटी मंडळी "आमेन" म्हणाली, त्यात सगळ्यात मोठा आवाज पप्पांचा.

बाहेर आल्या आल्या मी विचारलं, "मग, लाल घ्यायची की निळी?"

"देवानं ऐकलं. त्योबी न्हाईच म्हनला."

"तुम्हाला काय माहीत?"

"आमी दोघंबी बापच की."

महिनाभर मी दोघांशीही बोलले नाही. पप्पा मात्र रोज सकाळी मला मोटारसायकलवर फाट्यापर्यंत सोडत, एसटीत जागा मिळेपर्यंत थांबत, संध्याकाळी पुन्हा तिथेच उभे असत. असं तीन वर्षं. त्यात मला प्रेमबिम काही दिसलं नाही. मैत्रिणींसमोर लाज तेवढी वाटायची.

आता पप्पा म्हातारे झालेत, त्यांना नीट दिसत नाही. मागच्या महिन्यात त्यांनी मोटारसायकल थेट गोठ्यात घातली. म्हैस वाचली, पप्पाही वाचले, आणि किल्ली माझ्या पर्समध्ये गेली. रोज सकाळी ते मागतात, "फाट्यापर्यंतच जातो गं." मी नाही म्हणते आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटते. नाही म्हणताना पोटात इतकं तुटतं, हे मला ठाऊकच नव्हतं. पप्पांचंही तुटत असणार. आणि ज्याच्याकडे हजार गोष्टी मागून मी तोंड फुगवून बसले, त्याचं काय होत असेल?

गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी विनंत्या विचारल्या, तर पप्पा काठी टेकत उठले. "एका लेकीचं मन लई कठीन झालंय. देवानं ते मऊ करावं."

सगळं चर्च माझ्याकडे वळलं. प्रार्थना झाली. पर्स घट्ट धरून सगळ्यात मोठ्याने आमेन मीच म्हणाले.

बाहेर येऊन पप्पांनी हात पुढे केला. "न्हाई," मी म्हणाले, आणि मोटारसायकल चालू केली. "बसा मागं. फाट्यापर्यंत सोडते."

ते माझ्या खांद्याला धरून बसले. वाटेत म्हणाले, "पुढच्या रविवारी परत मागनार हाय मी."

"मिळणार नाही."

"नको मिळू दे," पप्पा म्हणाले. "न्हाई म्हननारं कुनीतरी हाय, हेच लई हाय."