काजवेवाल्या बाई

उजेड दिसला की माणसं खुलतात. आमच्या बाई अंधार दिसला की खुलायच्या. चंद्रपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत तपासणीच्या तबकडीतला एखादा खळगा काळा निघाला की म्हणायच्या, "विझला रे बापा! याचं रक्त खंबीर आहे." सगळी इमारत त्यांना काजवेवाल्या बाई म्हणायची.

त्याचं कारण असं. मेंदूज्वराचा जिवंत विषाणू हाताळायची आमच्याकडे सोय नव्हती आणि बाईंना तशी हौसही नव्हती. त्या एका निरुपद्रवी विषाणूला मेंदूज्वराच्या विषाणूचं नुसतं कवच चढवायच्या आणि आत काजव्याचा प्रकाश देणारा जनुक ठेवायच्या. हे सोंग पेशीत शिरलं की पेशी उजळे, पण ते पुढं वाढत नसे. ज्याला कधी तो ताप येऊन गेलाय त्याचं रक्त घातलं, की मात्र सोंगाची वाट अडे आणि उजेड पडतच नसे. "वाघाचं कातडं पांघरलेली शेळी आहे," बाई सांगायच्या. "वाघाले कोन वळखते, तेवढं पाहाचं."

शेळी असली तरी शिस्त वाघाचीच होती. बाई कुरखेड्याकडच्या गोंड गावात वाढलेल्या. तिकडे मरका पंडुम, म्हणजे आंब्याचा सण, झाल्याशिवाय कुणी नवा आंबा तोंडात घालत नाही. आमच्याकडेही नव्या विषाणूची बाटली तयार झाली, की तो वाढत नाही याची खात्री होईपर्यंत तिला हात लावायची बंदी. "पंडुम झालं काय? नाई ना? मंग काऊन घाई करून राह्यला?" मी माजरीच्या खाणकामगाराचा मुलगा, पाळीच्या भोंग्यावर वाढलेला. मनातल्या मनात चडफडायचो, पण थांबायचो.

याच पंडुमनं त्यांच्या घरात एक सल ठेवला होता. त्यांचा धाकटा भाऊ लहानपणी तापानं, झटके येऊन गेला. त्याच आठवड्यात आईही तापानं फणफणली होती, ती वाचली. पण ताप यायच्या थोडं आधी, पोर रडतं म्हणून तिनं पंडुम व्हायच्या आतच त्याला एक आंबा दिला होता. गावानं बोल लावला नाही, तिनं स्वतःलाच लावला. पुढं तिनं आंबा कधी तोंडात घातला नाही. "मले तिच्या जिवातून तो आंबा काढाचा आहे," बाई एकदा चहा पिता पिता म्हणाल्या. त्या एवढं का शिकल्या, हे मला त्या दिवशी कळलं.

निवृत्तीच्या वर्षी त्यांच्या गावातून रक्ताचे नमुने आले, त्यात आईचाही होता. आपलं मन आड येऊ नये म्हणून बाईंनी नळ्यांवर दुसऱ्याकडून आकडे घालून घेतले. निकाल वाचायला मला बसवलं आणि स्वतः पाठ करून उभ्या राहिल्या. आकड्यांमागची नावं उघडली तेव्हा आईचा खळगा काळाकुट्ट होता. मी ओरडलोच.

"ओरडू नको. पुन्हा कर."

पुन्हा केलं. काळाच. मग त्या स्टुलावर बसल्या आणि कितीतरी वेळ पदरानं चष्मा पुसत राहिल्या.

आम्ही गावी गेलो तेव्हा आई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. मायलेकी गोंडीत बोलत होत्या आणि बाई मधूनमधून मला मराठीत सांगत होत्या. "लेकराले हाच ताप होता, हे मी छातीवर हात ठेवून नाई सांगू शकत. पन तिले तो होऊन गेला, हे पक्कं आहे. तिले म्हटलं, पंडुम आपन पाळतोच माय, पन पंडुम लेकरू मारत नाई."

आईनं हातातली मोहफुलं खाली ठेवली. मग ती हळूच काहीतरी म्हणाली. मी बाईंकडे पाहिलं.

"इचारते," बाई म्हणाल्या, "मंग आंबा चांगला होता काय?"

पुढच्या महिन्यात बाई निवृत्त होऊन गावी गेल्या. त्यांच्याशिवाय प्रयोगशाळेत करमेना. एका दुपारी त्यांचा फोन आला. कसा आहेस, जेवलास का, काही नाही.

"पंडुम झालं रे," त्या म्हणाल्या. "आई आंबा खाऊन राह्यली. कोय सोडतच नाई."